पिवळ्या पट्टीवरची पिशवी

तोक्योतल्या निशीकासाई स्टेशनच्या फलाटावर एका गृहस्थांनी माझ्या किराणामालाच्या पिशवीपुढे वाकून "सुमिमासेन" म्हटलं, त्याला आता दोन महिने होऊन गेले. शुक्रवारची संध्याकाळ होती. मी आईशी फोनवर बोलत गाडीची वाट बघत उभी होते. तूरडाळ, पोह्यांचे दोन पुडे, गूळ, कढीपत्ता अशी भरलेली पिशवी हाताला रग लागली म्हणून खाली ठेवली होती. कुठे ठेवली ते बघितलंसुद्धा नव्हतं. पलीकडच्या बाजूला एक गाडी आली, माणसं उतरली, पांगली, आणि त्या गर्दीच्या शेवटी काठीची टकटक ऐकू आली. ती जवळ येत गेली आणि पोह्यांच्या पुड्याचा करकर आवाज होऊन थांबली. मी मागे वळून पाहिलं. साठीच्या आसपासचे गृहस्थ, राखाडी कोट, खांद्याला कातडी बॅग, हातात पांढरी काठी. काठीचं टोक माझ्या पिशवीत रुतलेलं. आंधळ्यांना पायाने, काठीने वाट कळावी म्हणून फलाटावर उंचवट्यांची पिवळी पट्टी असते, पिशवी बरोबर तिच्या मधोमध होती. ते कमरेतून थोडेसे वाकले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सुमिमासेन." मी त्यांच्या उजव्या हाताला दोन पावलं बाजूला होते. ते वाकले ते समोर, पिशवीपुढे.

मी घाबरून पिशवी उचलली आणि दुसऱ्या हाताने त्यांचं कोपर धरलं. धरलं म्हणजे पकडलंच. "इकडून या, इकडून," असं काहीतरी मोडक्यातोडक्या जपानीत बोलत त्यांना जिन्याकडे न्यायला लागले. ते क्षणभर तिथेच उभे राहिले. मग त्यांनी माझ्या मुठीतून आपलं कोपर अलगद सोडवून घेतलं, आणि माझं कोपर चाचपून त्यावर स्वतःचा हात ठेवला. एवढंच. काही बोलले नाहीत. दहा-बारा पावलं आम्ही तसेच चाललो, मी अर्धं पाऊल पुढे, ते मागे. जिन्यापाशी पाखरांचा किलबिलाट चालू होता. इथल्या स्टेशनांवर जिना कुठे आहे ते कळावं म्हणून ध्वनिमुद्रित पाखरं लावलेली असतात. पहिले कितीतरी महिने मी ती खरी समजून छताच्या पत्र्यात घरटी शोधत असे. त्यांनी कठडा चाचपला, पुन्हा एकदा वाकले, आभार मानले आणि उतरून गेले. फोनवर आई म्हणत होती, "हॅलो, अगं आहेस ना? हॅलो?"

वाटेत मी आले होते, आणि माफी त्यांनी मागितली होती.

सुमिमासेनचे अर्थ पुष्कळ आहेत, हे मला ठाऊक आहे. 'माफ करा'पासून 'जरा सरकता का'पर्यंत, आणि 'आभारी आहे' म्हणूनही तोच शब्द चालतो. ऑफिसात कुणाला हा प्रसंग सांगितला असता तर त्यांनी तेच समजावलं असतं. पण मला शब्द लागला नव्हता, ते वाकणं लागलं होतं. समोर कोण आहे, माणूस आहे की सामान, लहान आहे की मोठं, हे कळायच्या आत शरीराने आपणहून वाकून घेतलेलं होतं. किती वर्षांची ती सवय असेल! आणि रात्री भांडी घासताना लक्षात आलं की हे वाकणं मी आधी पाहिलेलं आहे, अगदी असंच.

तोक्योत आल्यावर पहिल्याच वर्षी आमच्या भाषेच्या वर्गातल्या बाईंनी मला 'झातोइचीची गोष्ट' हा चित्रपट बघायला सांगितला होता. 1962 चा, कृष्णधवल, केंजी मिसुमींनी दिग्दर्शित केलेला. त्या म्हणाल्या होत्या, भाषा जुनी आहे, कळणार नाही फारशी, पण बघ. तलवारपट म्हटल्यावर मी ज्याची वाट बघत होते तसा त्यात कोणी नव्हता. ताठ मानेचा, कमरेला दोन तलवारी लावलेला सामुराई नाही. एक आखूड केसांचा, गुबगुबीत, ढगळ कपड्यातला आंधळा मालिशवाला काठी टेकत येतो, इची त्याचं नाव. मान एका बाजूला कललेली. डोळे मिटलेले, पापण्यांची मात्र सारखी थरथर. कुणी बोललं की आधी कान वळतो, मग चेहरा, आणि मग तो वाकतो. दारात वाकतो, बसताना वाकतो, कुणी टिंगल केली तरी वाकतो. शिंतारो कात्सू या नटाने ते वाकणं इतकं बारकाईने उभं केलं आहे की दुसऱ्यांदा बघताना मी त्याच्या तलवारीकडे बघेनाशी झाले. तो चेहऱ्यावर हसू ठेवून वाकतो आणि त्याच वेळी खोलीत माणसं किती, कोण कुठे बसलंय, कुणाचा श्वास वाढलाय हे सगळं त्याचं मोजून झालेलं असतं. पण मोजणं हे त्या वाकण्याचं कारण नव्हे. मालिशवाल्याने वाकायचंच असतं, नाहीतर त्याला दाराबाहेर ठेवतात. त्या सक्तीच्या आड त्याने स्वतःसाठी थोडीशी जागा करून घेतली आहे.

सुरुवातीलाच जुगाराचा प्रसंग आहे. इइओका गावच्या सुकेगोरो नावाच्या दादाच्या घरी इची येऊन थडकतो. दादा घरी नाही, त्याची माणसं फासे टाकत बसली आहेत. खेळ म्हणजे आपला एकी-बेकीच. पेल्यात दोन फासे घालून पेला जमिनीवर पालथा मारायचा आणि बेरीज सम की विषम यावर पैसे लावायचे. इची म्हणतो, मी टाकू का फासे? सगळे एकमेकांकडे बघून हसतात. तो पेला पालथा घालतो तर फासे बाहेरच पडलेले, सगळ्यांना उघडे दिसताहेत, आणि याला पत्ताच नाही. एकही माणूस 'अरे बाबा, फासे बाहेर पडलेत' असं म्हणत नाही. सगळे बाहेर दिसणाऱ्या बेरजेवर भराभर पैसे लावतात. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवर रेंगाळतो, फुकटच्या पैशाने उजळलेले ते चेहरे. मग ऐन वेळी इची बाहेरचे फासे उचलतो, म्हणतो, हे माझ्या बाहीतून पडलेले दिसतात, आणि पेला उघडतो. खरे फासे आत असतात. ते लोक चिडतात, आम्हाला फसवलंस म्हणतात. आणि इचीच्या तोंडावरचं ते हसू पहिल्यांदाच जातं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गंमत वाटली होती. आता पुन्हा लावून बघितलं तर पोटात काहीतरी हललं, कारण त्या फासेवाल्यांच्या घोळक्यात मी बसलेली आहे हे मला दिसलं.

वाईजवळ आमचं आजोळ. तिथे आजीच्या घराशेजारी एक आजोबा राहायचे, त्यांना आम्ही पोरं पखवाजवाले आजोबा म्हणायचो. देवी येऊन लहानपणीच त्यांचे डोळे गेले होते. दर शनिवारी मारुतीच्या देवळात भजन असे, आणि पखवाज त्यांचा. भजनाआधी भिजवलेल्या कणकेचा गोळा आजीकडून घेऊन त्यांच्या हातात द्यायचं काम माझ्याकडे होतं. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ते तो गोळा ठेवत आणि अंगठ्याने कडेकडेने दाबत पसरत नेत, मधूनच बोटाने टिचकी मारून कान लावत, चिमूटभर कणीक काढत, पुन्हा दाबत. त्यांच्या नखांत कायम सुकलेली पांढरी कणीक असायची. ते अंगठ्याचं फिरणं मी अगदी गुडघे टेकून, नाक पुडीला लागेल इतक्या जवळून बघत असे आणि त्यांना माहीत असे की मी किती जवळ आहे. "सरक, श्वास लागतोय कणकेला," म्हणायचे.

आणि आम्ही त्यांच्या परीक्षा घेत असू. याला दुसरा शब्द नाही. नाणं हातात द्यायचं, "आजोबा, कितीचं?" ते कडेवरून बोट फिरवून बरोबर सांगायचे. आवाज बदलून हाक मारायची, "ओळखा कोण?" अंगणात आंधळी कोशिंबीर खेळायचो ती त्यांच्या ओट्यासमोरच, डोळ्यांना फडकं बांधून, हात पुढे करून, धडपडत. कुणाला कधी वाटलं नाही की हा खेळ इथे नको. सगळ्यात मोठी परीक्षा चपलांची. भजन चालू असताना देवळाबाहेरच्या त्यांच्या चपला उचलून तिथे दुसऱ्याच कुणाच्या ठेवायच्या आणि पारामागे लपून बघायचं. आजोबा बाहेर यायचे, पाय पुढे करायचे, अंगठा घालताच थांबायचे. मग दुसरा पाय. मग नुसतेच उभे. माझ्या आठवणीत ते हसताहेत. "कोण रे तो?" म्हणून हसताहेत, आणि आम्ही खिदळत त्यांच्या चपला आणून देतोय. इतकी वर्षं ही आठवण मी एक गोड आठवण म्हणूनच जपली होती.

या चित्रपटाच्या निमित्ताने मी 'झातो' हा शब्द शोधत गेले. मला ते आडनाव वाटलं होतं. तो हुद्दा आहे. जुन्या जपानात आंधळ्या पुरुषांचा एक मोठा संघ होता, तोदोझा नावाचा. त्यात पायऱ्या होत्या, वर केंग्यो, मग बेत्तो, मग कोतो, आणि सगळ्यात खाली झातो. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, त्या पायऱ्या पैसे भरूनही चढता येत. म्हणजे झातो इची म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरचा इची. 'इची' हा नावाचा शेवटही त्या संघातल्या कितीतरी जणांचा असे, तेव्हा त्या नावातही त्याचं स्वतःचं असं फारसं काही नाही. बिवा, शामिसेन, कोतो ही तंतुवाद्यं वाजवणं, युद्धाच्या कथा गाणं, मालिश करणं, सुया टोचून उपचार करणं ही त्यांची कामं. मालिशवाला रात्री शिट्टीसारखी बारीक बासरी वाजवत गल्लीतून जायचा, ज्याला हवं तो दार उघडून आत बोलावायचा. 1871 मध्ये सरकारने तो संघच मोडीत काढला. पण मालिश आणि सुयांचं काम आंधळ्यांच्या हातून गेलं नाही. अंधशाळांमधून ते अजून शिकवलं जातं. डोळस माणसांच्या मालिश-शाळा वाढू देण्यावर कायद्याने मर्यादा आहे, आणि 2022 च्या फेब्रुवारीत इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा उचलून धरली.

त्या फलाटानंतरच्या रविवारी मी र्योगोकूला गेले. तिथे सुमो कुस्त्यांच्या आखाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर एजिमा सुगियामा नावाचं छोटं देऊळ आहे. सुगियामा वाइची (1610–1694) हे आंधळे वैद्य. त्यांची कथा अशी सांगतात, की हाताला वळण नाही म्हणून गुरूने त्यांना घालवून दिलं. ते एनोशिमा बेटावरच्या देवीपुढे उपाशी बसले. परतताना दगडाला ठेचकाळून पडले आणि हाताला काहीतरी टोचलं. एका नळीसारख्या पोकळीत अडकलेलं पाइनचं सुईसारखं पान. त्यावरून त्यांना सुचलं की सुई बारीक नळीतून घातली तर हात चुकणार नाही. ती नळी आजही जपानभर वापरतात. पुढे त्या वेळच्या लष्करी शासकाला, पाचव्या शोगुनला, त्सुनायोशीला, त्यांच्या उपचाराने बरं वाटलं. त्याने विचारलं, काय हवं ते माग. वाइची म्हणाले, एक डोळा द्या. शोगुनने त्यांना होंजो भागातली जमीन दिली. त्या जागेचं नाव होतं हितोत्सुमे, म्हणजे 'पहिली'. आणि 'एक डोळा' असाही त्याचा अर्थ होतो.

देवळाच्या आवारात उभ्या उभ्या मला आपली म्हण आठवली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आपल्याकडे ती आपण नशिबाबद्दल वापरतो, ज्याला मागितल्यापेक्षा जास्त मिळालं त्याच्याबद्दल. त्या म्हणीत आंधळा माणूस कुठेच नाही, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं. त्याच्या मागण्यावर आपण आपलं बोलणं बसवलंय. शोगुनने निदान त्याचं ऐकून घेतलं, डोळा देता येत नाही हे मान्य केलं, आणि शब्दाला धरून राहील असं काहीतरी दिलं. आवारात मागे एक बुटकी गुहा आहे. आत ओल, गारवा, मेणबत्तीच्या धुराचा वास. बाहेरच्या उन्हातून एकदम आत गेल्यावर मला काही दिसेना. मी हात पुढे केले आणि भिंत चाचपत गेले. भिंत गार होती.

इचीच्या काठीबद्दलही सांगायला हवं. सामान्य माणसाला सामुराईसारखी लांब तलवार बाळगायची मुभा त्या काळी नव्हती, म्हणून त्याची तलवार काठीत दडवलेली आहे. ती तो उलट्या मुठीत धरतो, पातं कोपराच्या बाजूला, जणू सुरी. पण या पहिल्या चित्रपटात ती फार क्वचित बाहेर येते, आणि येते तेव्हा डोळ्याचं पातं लवायच्या आत परत म्यानात गेलेली असते. बाकीचा सगळा वेळ तो बोलतो, ऐकतो, पितो, मासे धरायला बसतो. कान शिमोझावांनी 1948 मध्ये लिहिलेली मूळ गोष्ट काही पानांचीच आहे. तिच्यातून हा माणूस उभा राहिला, आणि मग त्याचे 1973 पर्यंत पंचवीस चित्रपट आले. सव्विसावा 1989 मध्ये कात्सूने स्वतः केला. शंभर भागांची दूरदर्शन मालिका झाली ती वेगळीच. कात्सूचे वडील शामिसेनच्या घराण्यातले, तो स्वतःही ते शिकलेला, आणि मला वाटतं त्याच्या अभिनयात कानाचं जे राज्य आहे ते तिथून आलं असावं. वाजवणारी माणसं अशीच मान कलती करतात. आमचे पखवाजवाले आजोबाही करायचे.

पुढचे काही चित्रपट मी बघितले. चांगले आहेत, पण इची जसजसा लोकप्रिय होत गेला तसतसे त्याचे कान चमत्कारी होत गेले, त्याच्यापुढे पडणाऱ्या माणसांची संख्या वाढत गेली, आणि मला तो दूर जाताना वाटला. ही माझी तक्रार खरं तर जपानी चित्रपटांबद्दल नाही. आपणही तेच करतो. आपल्याकडे रस्त्यात धक्का लागला की "आंधळा आहेस का?" म्हणून ओरडायचं, आणि त्याच आंधळ्या माणसाने कीर्तन सांगितलं की हात जोडून त्याला प्रज्ञाचक्षू म्हणायचं. माधानच्या गुलाबराव महाराजांना आपण तसं म्हणतो आणि त्यांच्या विद्वत्तेला ते शोभतंच. पण ज्यांच्याकडे ना विद्वत्ता ना तलवार, ज्यांना फक्त शुक्रवारी संध्याकाळी जिना उतरून घरी जायचंय, त्यांच्यासाठी आपल्याजवळ काय आहे? मी त्या संध्याकाळी आधी वाट अडवली आणि मग एकदम दंडच धरला. मधलं काही मला सुचलंच नाही.

त्या चित्रपटात एक माणूस आहे ज्याला ते मधलं सुचतं.

हिराते मिकी त्याचं नाव. शिगेरू आमाची नावाच्या नटाने ती भूमिका केली आहे, गालफडं बसलेली, डोळे खोल, आवाज जपून वापरलेला. तो सामुराई आहे पण मालक नसलेला, आणि त्याला क्षय झाला आहे. इइओकाच्या सुकेगोरोचं सासागावाच्या शिगेझोशी वैर आहे, हिराते त्या शिगेझोकडे पोटासाठी राहिलेला आहे. या दोन टोळ्यांची तोने नदीच्या काठी 1844 मध्ये खरोखरच मारामारी झाली होती आणि ती गोष्ट जपानी लोकांनी कथा-गाण्यांतून पिढ्यान् पिढ्या ऐकलेली आहे. म्हणजे इथल्या प्रेक्षकाला आधीच माहीत असतं की हिराते जगणार नाही. तर या दोघांची ओळख होते ती तळ्याकाठी, मासे धरताना. दोघे गळ टाकून शेजारी शेजारी बसलेले. हिराते त्याला मदत करायला जात नाही. आंधळा असून मासे कसे धरतोस म्हणून त्याची परीक्षाही घेत बसत नाही. आणि इचीला त्याच्या श्वासावरून कळतं की हा माणूस आजारी आहे. पाणी हलतं, गवत हलतं, दोघांचं बोलणं थोडं, मध्ये मोठ्या जागा. अकिरा इफुकुबेंचं संगीत तिथे अंगावर येत नाही. पूर्ण चित्रपटात इची एवढा मोकळा दुसरीकडे कुठेच बसलेला नाही. त्याचे खांदे खाली आलेले आहेत. मी तो प्रसंग थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहिला. त्यात तो एकदाही उगीच वाकत नाही.

पुढे दोघे एकत्र पितात. दोघांनाही माहीत आहे की आपण दोन वैऱ्यांच्या घरचं अन्न खातोय. मारामारीचा दिवस येतो तेव्हा हिराते अंथरुणावर आहे, रक्त ओकतोय. शिगेझो इचीला बंदुकीने मारायचं ठरवतो, आणि ते कळल्यावर हिराते उठतो. उठवत नसताना उठतो. त्याला इचीचा मृत्यू लांबून झाडलेल्या गोळीने व्हायला नको आहे. पुलावर दोघे समोरासमोर येतात, भोवती बाकीच्यांची बेंगरूळ हाणामारी चाललेली. त्यांची लढाई थोडीच चालते. शेवटी हिराते इचीच्या पाठीवर रेलतो, जणू दमलेला माणूस मित्राच्या खांद्यावर डोकं टेकतोय, आणि इची तसाच उभा राहतो, त्याचं वजन पाठीवर घेऊन. मला त्यातलं काहीच नीट सांगता येत नाही. मैत्री म्हणून मारलं असं म्हटलं तर ते फार सोपं होतं. मला आतून रागही येतो, की दोन शहाणी माणसं दोन हलकट दादांसाठी एकमेकांवर तलवार उपसतात आणि त्याला आपण सुंदर म्हणतो. इचीलाही तो राग आहे. विजयाच्या आनंदात असलेल्या सुकेगोरोला तो जे सुनावतो त्यात तो आहे. मग तो काठी-तलवार देवळातल्या मुलाकडे सोपवतो, हिरातेबरोबर पुर म्हणून सांगतो. ओताने नावाची बाई हमरस्त्यावर त्याची वाट बघत उभी आहे, तिला टाळून तो आडवाटेने डोंगर चढून निघून जातो. तलवारीशिवाय. पुढच्या पंचवीस चित्रपटांसाठी ती त्याला पुन्हा मिळते हे खरं, पण त्या क्षणी हात रिकामा आहे आणि तो वाट चाचपतोय.

परवा पुन्हा निशीकासाईच्या फलाटावर होते. पाऊस होता, सगळीकडे ओल्या छत्र्यांचा वास. ते गृहस्थ दिसले नाहीत, त्या दिवसानंतर ते मला परत दिसलेले नाहीत. मी पिवळ्या पट्टीकडे बघत उभी राहिले. तिच्यावर लांब उंचवटे असतील तर चालत राहा, गोल ठिपके असतील तर थांबा, पुढे वळण आहे किंवा फलाटाची कड आहे. सेइइची मियाके नावाच्या माणसाने आपल्या एका मित्राची दृष्टी जात चालली म्हणून 1965 मध्ये हे ठोकळे बनवले, आणि 1967 च्या मार्चमध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ते पहिल्यांदा बसवले. आता ते जगभर आहेत, आपल्या मेट्रोच्या स्टेशनांवरही. मी बूट काढला नाही, पण पातळ तळव्याच्या बुटातूनसुद्धा ठिपके आणि रेषा वेगळ्या कळतात का ते डोळे मिटून बघितलं. कळतात. पण तीन पावलांच्या पुढे मला डोळे मिटून राहवलं नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी तिला पखवाजवाल्या आजोबांचं विचारलं. ते जाऊन आता वीस वर्षं झाली असतील. म्हटलं, "आई, आठवतं का गं, आम्ही त्यांच्या चपला लपवायचो आणि ते किती हसायचे?"

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमच्यासमोर हसायचे. एकदा तुम्ही सगळे जेवायच्या हाकेला पळालात आणि चपला द्यायच्या राहिल्या. ते अनवाणी घरी गेले. मे महिना, भर दुपार. तुझ्या आजीने संध्याकाळी नेऊन दिल्या तर म्हणाले, असू द्या हो वहिनी, लेकरं आहेत."

"मला नाही आठवत हे," मी म्हटलं.

"तुला कसं आठवेल? तू लहान होतीस. त्यानंतर ते चपला बाहेर काढायचेच नाहीत. गुरवाने त्यांना तेवढी परवानगी दिली होती. कापडी पिशवीत घालायचे आणि पखवाजाला बसले की ती मांडीखाली घ्यायचे. शेवटपर्यंत. तू कणीक द्यायला जायचीस की जवळ, बघितली नाहीस कधी?"

नाही बघितली. मी अंगठा बघत होते.

पलीकडच्या बाजूला गाडी आली, दारं उघडली, माणसं उतरून पांगायला लागली. आई म्हणाली, "ऐकू येत नाही गं काही, गर्दी आहे वाटतं, ठेवू का?" मी हो म्हटलं. पोटरीला काहीतरी ओलं लागत होतं म्हणून खाली पाहिलं. किराण्याची पिशवी माझ्या हातातच होती, अंगाशी घट्ट धरलेली, आणि तिच्या तळाशी पावसाचं पाणी साचून ठिबकत होतं.